गोडीचा दावा

डॉक्टरांनी शांतपणे "साखर काठावर आहे" असं म्हटलं होतं. पण माणूस काठावर उभा असला की पोटात गोळा येतो तो बघणाऱ्याच्या. इथे बघणारे होते दावेसाहेब. जिची साखर काठावर होती त्या त्यांच्या बायकोने मात्र रिपोर्टची नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "काठावरच आहे ना? मग चला, जाता जाता भाजी घ्यायचीय."

दावेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते विम्याच्या ऑफिसात होते आणि लोकांचे दावे तपासणं हे त्यांचं काम, म्हणून बिल्डिंगने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी झाडावर आदळली, कुणी दवाखान्यात जरा जास्तच दिवस पडून राहिलं, की तो कागद फिरत फिरत यांच्या टेबलावर यायचा आणि हे चष्मा कपाळावर चढवून त्यातली लबाडी हुडकायचे. काम चोख होतं, फक्त ते संध्याकाळी ऑफिसात ठेवून घरी येणं त्यांना जमत नसे. घरात दूध नासलं तरी ते "नासलं" असं एकदम मान्य करायचे नाहीत. कधी नासलं, नासताना कुणी पाहिलं आणि नासण्यात कुणाचा फायदा, हे आधी विचारायचे.

या खेपेला मात्र ते घाबरले होते. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण ते स्वतः कधी सांगणार नाहीत. आजारपणाच्या जाडजूड फायली त्यांनी खूप पाहिल्या होत्या, आणि त्या फायलींचं पहिलं पान बहुतेक वेळा असंच साधंसुधं असायचं. साखर काठावर. चहातली साखर बंद करा, आणि पुढच्या तपासणीत रक्तातली साखर उतरलेली दिसली नाही तर गोळ्या सुरू कराव्या लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दावेसाहेबांच्या नजरेपुढे ती गोळी, मग दुसरी गोळी, मग फायलीला लावायची सुतळी, असं सगळं ओळीने उभं राहिलं. त्या दिवशी भाजी घेताना त्यांनी एकदाही घासाघीस केली नाही, यावरून भाजीवालीलाही काहीतरी बिघडल्याचं कळलं.

दुसऱ्याच दिवशी ताई आल्या. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर काहीतरी असतं, आणि ते त्या येतानाच घेऊन येतात. त्यांनी पिशवीतून एक हिरवा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

"साखर बंद आणि ही पावडर सुरू," ताई म्हणाल्या. "चिमूटभर टाकायची. गोड तर लागतेच, वर साखर उतरते, वजन उतरतं, आणि चेहऱ्यावर तेज येतं ते वेगळंच. माझंच बघा ना."

दावेसाहेबांनी ताईंकडे न बघता डबा उचलला. डब्यावर पानाफुलांच्या मधोमध लिहिलं होतं, 'शून्य कॅलरी. संपूर्ण नैसर्गिक. रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यास साहाय्यक.'

"साहाय्यक म्हणजे काय?" ते म्हणाले. "मी पण काही वर्षं साहाय्यक होतो. तेव्हा मी काय काम करायचो ते मला चांगलं माहीत आहे."

"अहो, मी अनुभवाचं सांगतेय!"

"ठीक आहे. तुमचं वजन कधीपासून उतरलं, ताई?"

"ही पावडर घ्यायला लागल्यापासून."

"त्याच सुमाराला आणखी काही केलंत का?"

"काहीच नाही. सकाळी पोहायला जाते, तेवढंच. आणि रात्रीचं जेवण सोडलंय. हां, दाढ काढली तेव्हा बरेच दिवस काही चावताच येत नव्हतं."

"म्हणजे पोहणं, उपास आणि दाढ. आणि श्रेय डब्याला."

"मी खोटं बोलते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"छे, छे. तुम्ही खरं बोलताय. डबा खोटं बोलतोय."

ताईंनी चहा अर्धा टाकला आणि त्या निघून गेल्या. बायकोने दावेसाहेबांकडे जे पाहिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांना 'साहाय्यक' या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी दिसली होती. चांदणी दिसली की खाली कुठेतरी बारीक अक्षरं असणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांच्या ऑफिसच्या कागदांवर तर सगळं आकाश भरेल इतक्या चांदण्या असतात. त्यांनी भिंग आणलं, डबा उलटा केला, आणि तळाशी, जिथे किंमतही छापत नाहीत अशा जागी, त्यांना ती सापडली. 'संतुलित आहार व नियमित व्यायामासोबत घेतल्यास.'

"वा!" ते ओरडले. "आहार आणि व्यायामासोबत खडूची भुकटी घेतली तरी साखर आटोक्यात राहील!"

"मग घ्यायची की नाही ही?" बायकोने विचारलं.

"चौकशी पूर्ण होईपर्यंत नाही." डबा कपाटावर गेला. "हातही लावायचा नाही."

"आणि चहात काय घालू?"

साखर डॉक्टरांनी बंद केली होती आणि पावडर दावेसाहेबांनी स्वतः. "सध्या काहीच नको," ते जरा ओशाळून म्हणाले. बायकोने बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट घेतला आणि असं तोंड केलं की कपबशीलाही वाईट वाटावं. पण ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर चौकशी मध्येच थांबवता येत नाही हे तिला माहीत होतं.

आता खरं म्हणजे एखाद्या डॉक्टरला विचारलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दावा ज्याने केला त्यालाच पुरावा मागायचा, ही दावेसाहेबांच्या कामाची रीत. त्यांनी डब्यावरच्या ग्राहक सेवेच्या नंबरावर फोन लावला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"नमस्कार सर, काय तक्रार आहे?"

"तक्रार नाही. तुमच्या पावडरीने साखर आटोक्यात राहते, याचा पुरावा हवाय."

"डबा फुटलेला होता का, सर?"

"नाही."

"पावडर ओली होती?"

"पावडर छान कोरडी आहे. मी डब्यावरच्या वाक्याबद्दल विचारतोय."

"वाक्याचा पर्याय नाहीये, सर. फुटलेला, ओला, कमी भरलेला आणि उशिरा आलेला, एवढेच आहेत. त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"मग खरं असेल ते निवडा."

"खऱ्याचा पर्याय नाहीये, सर."

शेवटी त्या मुलीलाच दया आली आणि तिने आपल्या जबाबदारीवर 'फुटलेला' निवडलं. थोड्याच दिवसांत घरपोच आणखी दोन डबे आले. सोबत 'झाल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी चिठ्ठी.

बायको म्हणाली, "बघा, किती चांगली माणसं!" पण दावेसाहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. न फुटलेल्या डब्याची भरपाई! अशी भरपाई उकळणाऱ्या लोकांना त्यांनी नोकरीभर टेबलापुढे उभं करून घाम फोडला होता, आणि आज ते स्वतः त्यांच्यात जाऊन बसले होते. त्यांनी ताबडतोब फोन केला.

"ही भरपाई मला नकोय. ती चुकीची आहे."

"म्हणजे बदली डब्यांबद्दल आपण असमाधानी आहात, सर?"

"असमाधानी? अत्यंत असमाधानी आहे!"

हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं. त्याचा पर्याय तिथे होता. पुढच्या आठवड्यात डब्यांचा एक अख्खा खोका आला, आणि 'आपल्यासारख्या चोखंदळ ग्राहकांमुळेच आम्ही घडतो' असं कुणा वरिष्ठाच्या सहीचं पत्र. दावेसाहेबांनी तिसऱ्यांदा फोन करून खोका परत न्या म्हटलं, तेव्हा गोड आवाज म्हणाला, "त्यासाठी मूळ फुटलेला डबा दाखवावा लागेल."

"तो फुटलेलाच नाही!"

"मग तुम्ही तक्रार का केलीत, सर?"

हा प्रश्न ते स्वतः रोज विचारायचे, आणि अगदी याच थंड सुरात विचारायचे. समोरच्याला तो कसा लागतो हे त्यांना आज कळलं. त्यांनी फोन ठेवला आणि खोक्याच्या शेजारी नुसते बसून राहिले.

खोका बैठकीच्या खोलीत मधोमध होता. टीव्ही बघायचा तर त्याच्यावरून बघावा लागे. दावेसाहेब तो उघडू देत नव्हते, कारण तो पुरावा होता. कशाचा, हे आता त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. एक दिवस ते ऑफिसातून आले तर खोली मोकळी.

"वाटून टाकले," बायको कांदा चिरता चिरता म्हणाली. "पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्यांना दिले, खालच्यांना दिले, समोरच्या बिल्डिंगमधल्या शिवणकामवाल्या बाईंना दिले. लिफ्ट बंद आहे, दमले बाई."

लिफ्ट दुरुस्तीला निघाली होती आणि दुरुस्त करणारा सुट्टीवर निघाला होता.

"काय सांगून दिलेस?"

"मी काही सांगितलं नाही. पण खालचे मास्तर सगळ्यांना म्हणत होते, दावेसाहेबांनी तपासून पास केलेली आहे म्हणून."

इतके दिवस तो दावा कंपनीचा होता, आता त्याच्यावर दावेसाहेबांचं नाव लागलं होतं. "सगळे परत आण," ते म्हणाले.

"मी? तुम्ही जा की."

"मी दारोदार डबे मागत फिरलो तर कसं दिसेल?"

मग बायकोच निघाली. पण दिलेला डबा परत मागणं म्हणजे दार वाजवलं, डबा घेतला आणि आली, असं नसतं. आधी बसावं लागतं. घरच्यांची चौकशी करावी लागते. कुणी म्हणे उद्या देते, कुणी म्हणे अर्धा वापरलाय, उरलेला संपला की डबा धुऊन देते. त्यामुळे रोज संध्याकाळी ती वर चढायची, खाली उतरायची, समोरच्या बिल्डिंगमध्ये जाऊन यायची आणि एखाददुसरा डबा घेऊन परतायची. पुढे पुढे तर ती जायची वेळ झाली की स्वतःहून चपला घालू लागली. "अगदी वरच्या मजल्यावर वारा छान येतो हो," असंही एकदा म्हणाली.

मास्तर मात्र डबा द्यायला तयार नव्हते. ते स्वतःच वर आले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता, पण समोरचा माणूस बाकावर बसलाय असंच समजून ते अजून बोलत.

"गुडघा!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी पाय वाकवून दाखवला. "बघा. पावडर सुरू केली आणि गुडघा मोकळा झाला."

"मास्तर, डब्यावर गुडघ्याचा उल्लेखसुद्धा नाही."

"म्हणूनच तर माझा विश्वास बसला. उगाच जाहिरात केलेली नाही त्यांनी."

दावेसाहेबांनी ठरवलं की आता तोंडी साक्षी पुरे, प्रत्यक्ष चाचणीच घ्यायची. रविवारी दुपारी त्यांनी मास्तरांना, शिवणकामवाल्या बाईंना आणि रुसलेल्या ताईंना चहाला बोलावलं. बेत असा की काही कपांत साखर, काही कपांत पावडर, आणि कशात काय ते फक्त बायकोला ठाऊक. प्रत्येकाने घोट घ्यायचा आणि ओळखायचं. दोन घोटांच्या मध्ये जीभ साफ व्हावी म्हणून एकेक बिस्किट. दावेसाहेब मुख्य तपासनीस असल्यामुळे त्यांना सगळेच कप चाखावे लागले आणि जीभही सगळ्यांत जास्त वेळा साफ करावी लागली. बायको आपला बिनगोड चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

ताईंनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. "हीच ती. घेतल्या घेतल्या कसं हलकं वाटतं बघा."

"ताई, ती साखर आहे," बायको म्हणाली.

ताईंनी आणखी एक घोट घेतला. "मग तुझी साखर चांगली आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी सरळ साखरेचा चहा पिऊन गुडघा हलवून दाखवला. शिवणकामवाल्या बाईंनी कशात काय आहे ते सांगायचं नाकारलं, चहा जरा जास्त उकळलाय एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दुपारचं खरं असं विधान तेवढंच झालं. दावेसाहेबांनी मोठ्या आत्मविश्वासाने दिलेलं एकूण एक उत्तर चुकलं. "एका चाचणीवरून निकाल देता येत नाही," ते कपाळाचा घाम पुसत म्हणाले. त्यामुळे चाचणी पुढे रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घरीच होऊ लागली, आणि बिस्किटांचे पुडे संपू लागले.

बातमी ऑफिसात पोचायची राहिली होती, तीही पोचली. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही म्हणे पावडरचा धंदा सुरू केलाय? त्याला आधी परवानगी घ्यावी लागते."

दावेसाहेबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्यांचं त्यांनाच कळत होतं की हे बरं वाटत नाहीये.

"म्हणजे," साहेब म्हणाले, "डबा फुटला नव्हता. तरी भरपाई मिळाली. ती तुमच्या घरातून वाटली गेली. आणि आता तुम्ही ती परत गोळा करताय?"

"हो, साहेब."

"ही केस तुमच्या टेबलावर आली असती तर?"

"मी फेटाळली असती," दावेसाहेब मान खाली घालून म्हणाले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "पण गुडघ्याला चालते का हो खरंच? आमच्या आईला जिना उतरताना फार त्रास होतो."

असं करता करता तपासणीचा दिवस आला. बायकोने रक्त दिलं, आणि दावेसाहेबांनीही दिलं, कारण तुलनेला दुसरा माणूस असल्याशिवाय तपासणीला अर्थ नसतो. रिपोर्ट घेऊन दोघं डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी पहिला कागद पाहिला आणि हसले.

"उतरलीय. चांगली उतरलीय. गोळीची काही गरज नाही."

दावेसाहेबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच होते. सुतळी बांधलेली ती फाईल इतके दिवस डोळ्यांपुढून हलली नव्हती, ती आता कुठे बंद झाली. मग त्यांनी विचारलं.

"पावडरीने नाही ना उतरली? म्हणजे हिने ती घेतलीच नाही."

"पावडर साखरेच्या जागी बसते," डॉक्टर म्हणाले. "साखर सुटत नसेल तर तेवढी मदत होते. त्यापुढचं सगळं डब्यावरचं. पण तुम्ही काय केलंत, वहिनी?"

"मी कुठे काय केलं? चहा बिनगोड घेत होते. आणि यांनी जमवलेले डबे आधी वाटले, मग गोळा करत होते. रोज सगळे जिने चढायचे आणि उतरायचे."

"मग झालं तर! तेच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दुसरा कागद उचलला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "आणि हा कुणाचा?"

"माझा. तो नुसता तुलनेसाठी आहे."

"तुलना झालीच म्हणायची. तुमची काठ ओलांडून पुढे गेलीय. गोड फार होतंय का हल्ली?"

"शक्य नाही!" हे बायको म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. भाजीला जायची घाई असलेली ती बाई ही नव्हेच. "डॉक्टर, यांचं असूच शकत नाही. लॅबवाल्यांनी नळ्यांची अदलाबदल केली असेल. नाव नीट वाचलं का त्यांनी? मी आत्ता जाते तिथे आणि विचारते. परत रक्त घ्यायला लावते. यांना काही होत नाही हो कधी. साधी सर्दीसुद्धा होत नाही." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला.

"अहो वहिनी, घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणत होते. पण ती ऐकत नव्हती. तो कागद तिने उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

दावेसाहेब तिच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या रिपोर्टचं त्यांना विशेष काही वाटत नव्हतं. त्यांना वाटत होतं ते निराळंच. गेले कित्येक दिवस भिंग घेऊन, फोन धरून, कपांच्या रांगा मांडून आपण जे करत होतो ते हिला असं दिसत होतं तर. आणि तरी ही एका शब्दाने बोलली नाही, सगळे जिने चढली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती थांबली.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही एवढं तपासलंत. ती पावडर सुरू केली तर उतरेल ना तुमची साखर?"

ती असं बघत होती की एक होकार दिला असता तर तिला त्या रात्री झोप लागली असती. होकार द्यायचं दावेसाहेबांच्या अगदी ओठांवर आलं. पण ज्या माणसाने तिच्यासाठी एवढा खटाटोप केला, त्याने तिलाच खोटं सांगायचं?

"नाही," ते म्हणाले. "ती नुसती साखरेची जागा धरते. उतरवत नाही."

तिचे डोळे भरून आले. भर रस्त्यात दावेसाहेबांनी तिच्या हातातला चुरगळलेला कागद काढून घेतला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुझी उतरली तशीच माझी उतरेल. किती डबे यायचे राहिलेत अजून?"

"बरेच आहेत. का?"

"ते मी आणणार. तू फक्त बरोबर ये."

"तुम्ही? दारोदार? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

त्या संध्याकाळी बिल्डिंगने दावेसाहेबांना पहिल्यांदा डबा मागत फिरताना पाहिलं. सगळ्यात आधी ते मास्तरांकडे गेले. मास्तरांनी गुडघ्यावर भाषण दिलं, डबा दिला नाही, आणि वर विचारलं, "काय हो, आता घरोघरी जाऊन तपासणी की काय?" दावेसाहेबांनी सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि वरच्या मजल्याकडे वळले. दुसऱ्या जिन्यावरच त्यांना धाप लागली. तशाही अवस्थेत ते कठड्याला धरून सांगायला लागले की हा दम वयाचा नसून पायऱ्यांच्या उंचीचा दोष आहे, बांधणाऱ्याला विचारायला हवं. बायकोने "हो हो, विचारू," असं म्हणत त्यांच्या दंडाला धरलं, आणि अगदी वरच्या दारापर्यंत सोडलं नाही.